मधे कुणी हात लावू नये

‘मागचे स्पीकर वाजत नाहीत’ हा फोन मला जितक्या वेळा येतो तितका दुसरा कुठलाच येत नाही. पुण्यात होम थिएटर बसवून देणं, बसवलेलं नीट लावून देणं हे माझं काम. तपकीर गल्लीतल्या एका दुकानात व्हीसीडी प्लेअरच्या लेन्स बदलण्यापासून सुरुवात केली. मग डीव्हीडी आली, मग ब्लू-रे. यंत्रं बदलत गेली, फोन तोच राहिला. आणि आता इतक्या वर्षांनी मी ठामपणे सांगू शकतो की ज्या घरात मागचे स्पीकर वाजत नाहीत, तिथलं काम सोपं असतं. कुठंतरी वायर निघालेली असते, उंदरानं कुरतडलेली असते, नाहीतर रंगकामाच्या वेळी कुणीतरी पिना काढून ठेवलेल्या असतात. अवघड घर ते, जिथं पाचही स्पीकर सतत वाजतायत, घरचे खूश आहेत, आणि तरीही डिस्कवरचा सराउंड आवाज त्या खोलीत कधी आलेलाच नाही.

सहकारनगरमधल्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी हे फार स्पष्ट दिसलं होतं. त्यांनी मला बोलावलं होतं ते नवा टीव्ही भिंतीवर लावल्यावर वायरी झाकून द्यायला. रिसीव्हर चांगल्यातला, पाच स्पीकर एकाच कंपनीचे, वूफर दणकट, ब्लू-रे प्लेअर नवाकोरा. वायरी झाकून झाल्यावर ते म्हणाले, “थांब, चहा घे आणि ऐकून जा.” त्यांनी ‘मास्टर अँड कमांडर’ची डिस्क लावली. पीटर वीअरच्या या २००३ सालच्या चित्रपटाला ध्वनिसंपादनाचं ऑस्कर मिळालेलं आहे, आणि आमच्या धंद्यात तपासणीसाठी ही डिस्क जवळ बाळगणारे पुष्कळ आहेत. सुरुवातीलाच धुक्यातलं जहाज येतं. लाकूड करकरतं, वरच्या डेकवर पावलं वाजतात, पाणी बाजूंना आपटत राहतं. काका माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. मी बघत होतो रिसीव्हरच्या पुढच्या पट्टीकडं. तिथं ‘प्रो लॉजिक’चा बारीक दिवा लागला होता.

“काका, हा आवाज दोनच चॅनलचा येतोय.”

“असं कसं? मागचे वाजतायत की! इथं कान लावून बघ.”

“वाजतायत. पण मागं काय वाजवायचं ते रिसीव्हर स्वतःच्या अंदाजानं ठरवतोय. डिस्कवर मागचा आवाज वेगळा भरलाय, तो इथवर पोचतच नाही.”

प्लेअरची एचडीएमआय वायर थेट टीव्हीत गेली होती, आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर रिसीव्हरकडं आली होती. वरवर बघता यात काही चूक नाही. चित्र दिसतं, आवाज येतो. पण बरेच टीव्ही एचडीएमआयनं आलेला सराउंड आवाज ऑप्टिकलमधून पुढं देताना त्याचे दोन चॅनल करून टाकतात. तसं करताना वूफरचा स्वतंत्र चॅनल साधारणपणे गाळलाच जातो. मग रिसीव्हर त्या दोन चॅनलमधून पुन्हा पाच तयार करतो. घरातला प्रत्येक स्पीकर वाजतो, म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

मी प्लेअर रिसीव्हरला जोडला आणि रिसीव्हर टीव्हीला. पट्टीवर ‘डीटीएस-एचडी मास्टर’ अशी अक्षरं आली. तोच प्रसंग पुन्हा लावला. काका थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “अरे, आता तर मागून कमीच येतंय.” बरोबर होतं त्यांचं. खरा सराउंड बराच वेळ मागं जेमतेम असतो. थोडी हवा, थोडं पाणी, कुठंतरी एक दोर ताणल्याचा आवाज. मग धुक्यात पलीकडं उजेड चमकला, तोफेचा गोळा आला, आणि जहाजाच्या लाकडाच्या चिरफळ्या आमच्या पाठीमागं जाऊन पडल्या. काकांनी मान वळवून मागं पाहिलं. त्यानंतर त्यांना समजावायचं काही उरलं नाही.

सराउंड आवाजाबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका जोडणीत आहे. ज्या माणसांनी मिश्रणाच्या खोलीत बसून कुठला आवाज कुठून, किती यायचा हे ठरवलं, त्यांचा निर्णय आपल्या सोफ्यापर्यंत तसाच्या तसा यायला हवा. पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांबरोबर ऑस्कर मिळालं, तेव्हा मिश्रण ही स्वतंत्र कला आहे हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. ती कला डिस्कवर येते. पुढं प्लेअर, टीव्ही, रिसीव्हर, वूफर अशी मधली मंडळी लागतात, आणि त्यातला प्रत्येक जण काहीतरी सुधारायला बघतो. प्लेअर हा पोस्टमन आहे, त्यानं पाकीट फोडू नये.

पण पेटीतून काढलेला प्लेअर पाकीट फोडायच्याच तयारीत असतो. कारखान्यात केलेली सेटिंगं कुठल्याही टीव्हीवर आवाज यावा अशा हिशेबानं ठेवलेली असतात, उत्तम आवाज यावा म्हणून नव्हे. त्यामुळं नवा प्लेअर लावला की मी आधी डिस्क टाकत नाही, मेनू उघडतो आणि ‘ऑडिओ सेटिंग’मध्ये जाऊन बसतो.

तिथं पहिला प्रश्न बिटस्ट्रीम की पीसीएम. बिटस्ट्रीम म्हणजे प्लेअरनं बांधलेला आवाज न सोडता पुढं द्यायचा आणि तो रिसीव्हरनं सोडवायचा. पीसीएम म्हणजे प्लेअरनंच सोडवायचा आणि सुटे चॅनल पाठवायचे. ग्राहक यावर तासन्‌तास वाद घालतात. ब्लू-रेवरच्या डॉल्बी ट्रू-एचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या प्रकारांत मूळ आवाजातलं काहीच गाळलेलं नसतं, त्यामुळं कुणीही सोडवला तरी, बाकीची सेटिंगं बरोबर असली तर, हाती तेच येतं. मग मी बिटस्ट्रीमच का ठेवतो? एक म्हणजे रिसीव्हरच्या पट्टीवर नाव दिसतं आणि काय येतंय ते घरच्यांना डोळ्यांनी पडताळता येतं. दुसरं, डिस्कवर ॲटमॉस असेल तर छताकडच्या आवाजांची माहिती त्या बांधलेल्या आवाजाच्या आतच असते. प्लेअरनं सोडवलं की ती वाटेत गळते.

दुसरी जागा फार कमी लोक बघतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान तिथं होतं. मेनूत ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. दिग्दर्शकाचं बोलणं चित्रपटाच्या वर ऐकवता यावं, मेनूचं बटण दाबल्यावर टिक् वाजावं, यासाठी ही सोय. ती चालू असली की पुष्कळ प्लेअर मूळ आवाज सोडवतात, त्यात ते टिक् मिसळतात आणि सगळं पुन्हा साध्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये बांधून पुढं पाठवतात. एका बटणाच्या आवाजासाठी अख्ख्या चित्रपटाचा आवाज बारीक करून घेतलेला असतो. ‘डिस्कवर डॉल्बी ट्रू-एचडी लिहिलंय, पण माझा रिसीव्हर नुसतं डॉल्बी डिजिटल दाखवतो,’ अशी तक्रार आली की मी फोनवरच सांगतो: ती ओळ शोधा आणि बंद करा. बहुतेकांचं काम तेवढ्यावर होतं.

तिसरी ओळ ‘डायनॅमिक रेंज’ची. ती ‘ऑटो’वर असते. हळू आवाज वर आणायचे, मोठे खाली दाबायचे, असं तिचं काम. दिवसा, नीट बसून चित्रपट बघताना ती बंदच हवी, कारण कुजबुज आणि स्फोट यांतलं अंतर हेच तर मिश्रण करणाऱ्यानं घडवलेलं असतं. मात्र रात्रीची गोष्ट वेगळी, आणि इथं मी हट्ट धरत नाही. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे, आणि नियम नसता तरी भिंतीपलीकडं कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं. रात्री ती सोय जरूर वापरावी. फक्त ती आपण ठरवून लावलेली असावी, प्लेअरनं गुपचूप लावून ठेवलेली नसावी.

ज्यांच्याकडं जुना रिसीव्हर आहे आणि त्याला एचडीएमआयच नाही, ते विचारतात की सगळंच बदलायचं का. नाही. ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल वायरीतून सराउंडचा न गाळलेला आवाज जाऊ शकत नाही, हे खरं. पण ब्लू-रेच्या डिस्कवर जुन्या यंत्रांसाठी डॉल्बीचा ६४० किलोबिटपर्यंतचा किंवा डीटीएसचा दीड मेगाबिटचा आवाज असतोच, तो जातो. डीव्हीडीवर डॉल्बीला ४४८ किलोबिटचीच मर्यादा होती. म्हणजे जुन्या रिसीव्हरवरही नव्या डिस्कचा आवाज डीव्हीडीपेक्षा सरस येऊ शकतो. अट एकच: मेनूत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर राहिलेला नसावा. राहिला तर ऑप्टिकलमधून फक्त दोन चॅनल जातात आणि आपण पुन्हा सहकारनगरच्या काकांच्या जागी येतो.

काही जुन्या चांगल्या प्लेअरना मागं सहा किंवा आठ आरसीए पिना असतात, प्रत्येक चॅनलची वेगळी. २०१८ मध्ये ओप्पो डिजिटलनं प्लेअर बनवणं थांबवलं, त्यांच्या वरच्या मॉडेलना त्या असायच्या, आणि ज्यांच्याकडं ते आहेत त्यांनी जिवापाड जपलेत. ही जोडणी केली की सोडवण्याचं काम प्लेअरचं. मग स्पीकर किती लांब आहे, किती मोठा आहे, खालचे सूर वूफरकडं कुठून वळवायचे, हे सगळं प्लेअरच्या मेनूत भरावं लागतं, कारण बरेच रिसीव्हर त्या पिनांवर आलेल्या आवाजाला काहीच करत नाहीत. एचडीएमआयनं बिटस्ट्रीम दिला तर हेच सगळं रिसीव्हरमध्ये भरायचं. दोन्हीकडं भरलं की घोळ. एक काम एकाच ठिकाणी व्हावं, हे मी घरच्यांना कागदावर रेघा ओढून दाखवतो.

वूफरच्या बाबतीत हा घोळ घरोघरी आहे. वूफरच्या पाठीवर एक गोल नॉब असतो, किती हर्ट्झपर्यंतचे सूर वाजवायचे त्याचा. रिसीव्हरमध्येही तेच ठरवलेलं असतं, बहुतेक ८० हर्ट्झ. लोक दोन्ही ८० वर ठेवतात. दोन गाळण्या एकामागोमाग लागतात आणि मधले सूर बारीक होतात. पुरुषाच्या आवाजाचा भरदारपणा, ढोलाच्या थापेचा टोला, तिथं भोक पडतं. नॉब शेवटपर्यंत उजवीकडं फिरवायचा आणि गाळायचं काम रिसीव्हरवर सोपवायचं. आणखी एक: रिसीव्हर माइक लावून स्वतः मापं घेतो, तेव्हा तो पुढच्या स्पीकरना हमखास ‘लार्ज’ ठरवतो. साडेपाच इंची स्पीकरला लार्ज म्हटलं की खालचे सूर वूफरकडं जातच नाहीत. ते ‘स्मॉल’ करून घ्यावं लागतं. ‘स्मॉल’ लिहिलेलं पाहून काही ग्राहकांचा चेहरा पडतो, एवढे पैसे मोजलेले असतात. मी त्यांना आधी आणि नंतर, दोन्ही ऐकवतो.

मधल्यांपैकी एकाला मात्र टाळता येत नाही, आणि ती म्हणजे खोली.

आपल्या इमारतींतला हॉल काय असतो? दहा बाय पंधरा फूट, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला गॅलरीची काचेची सरकती दारं, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचा मोकळा भाग, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, आणि वर पंखा. हातांनी एक टाळी वाजवली की खोली उत्तर देते. त्या उत्तरातच संवादांची शेवटची व्यंजनं हरवतात. महागडे फोमचे पॅनल मी शेवटी सुचवतो. आधी टीव्ही आणि सोफा यांच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा जाजम घालून घेतो, काचेला दुहेरी चुण्यांचे जाड पडदे, आणि पुस्तकांचं कपाट असेल तर ते सोफ्यामागं किंवा बाजूच्या उघड्या भिंतीला. एका आजीबाईंच्या घरी त्यांच्या हातच्या गोधड्या सोफ्याच्या पाठीमागं भिंतीला लावल्या आणि खोली लगेच शांत झाली. त्यांनी त्या तिथं कायमच्या ठेवल्या.

खालच्या सुरांना मात्र सतरंजीनं काही होत नाही. पंधरा फूट लांबीच्या खोलीत साधारण ३७-३८ हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो, दहा फुटी रुंदीत ५६च्या आसपासचा. लांबी-रुंदी सारखी असेल तर दोन्ही एकाच सुरावर येतात, म्हणून चौरस खोली ही या कामातली सगळ्यांत वाईट खोली. वूफर कोपऱ्यात ठेवला की तो प्रत्येक फुगणारा सूर जागा करतो. लोक याला ‘बेस भारी येतो’ म्हणतात. भारी येत नाही, घुमतो. ढोल आणि ट्रक यांचा आवाज सारखाच ऐकू यायला लागला की समजावं.

यावर एक जुना उपाय आहे आणि तो अजून तरी मला दुसऱ्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडलाय. वूफर उचलून सोफ्यावर ठेवायचा, ज्या जागी माणूस बसतो बरोबर तिथं. खालच्या सुरांची एखादी सलग चाल लावायची, आणि स्वतः गुडघ्यांवर बसून भिंतीकडेनं, कान वूफरच्या उंचीला ठेवून, खोलीभर सरकायचं. कोथरूडमधल्या एका घरी मी असा सरकत होतो तेव्हा घरातली मुलं आधी हसली आणि मग माझ्यामागून तीही रांगायला लागली. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात आवाज छातीवर बसत होता. गॅलरीच्या दाराशी तो जवळपास नाहीसा झाला. शोकेस आणि दार यांच्या मधे, भिंतीच्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, प्रत्येक स्वर सुटा आणि सारख्या वजनाचा ऐकू आला. त्यांच्या थोरल्या मुलीनं तीच जागा माझ्या आधी बोट ठेवून दाखवली होती. वूफर तिथं ठेवला. वहिनींना तो तिथं दिसायला आवडला नाही, पण ऐकल्यावर त्यांनी स्वतःच शोकेस अर्धा फूट सरकवलं.

सोफाही भिंतीपासून एक-दीड फूट पुढं घ्यायला सांगतो. जागा नसते, मान्य. पण भिंतीला टेकलं की खालचे सूर नको तितके वाढतात आणि मागच्या स्पीकरना उभं राहायला जागाच उरत नाही. ते मग छताच्या कोपऱ्यात, जळमटांजवळ टांगले जातात. पाच स्पीकरच्या मांडणीत सराउंडचे दोन स्पीकर खरं तर मागं नसतातच. ते बाजूला, कानाच्या रेषेच्या किंचित मागं असतात. स्टुडिओंसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर आणि सराउंडचे शंभर ते एकशेवीस अंशांवर सांगितलेत. घरात बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा फूट-दोन फूट उंच ठेवले की पुरतं. एका बाजूला भिंत नसून मोकळा पॅसेज असेल तर स्टँड घ्यावा. वायर केसिंग-पट्टीतून न्यावी, दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर या कामाला भरपूर आहे. हजारो रुपयांच्या एचडीएमआय वायरीही मी घेऊ देत नाही. डिजिटल वायर एक तर काम करते, नाहीतर आवाज तुटून आणि चित्रात ठिपके येऊन आपलं अपयश स्वतःच सांगते. वाचलेले पैसे मधल्या स्पीकरवर घालावेत.

मधला स्पीकर. या कामात माझं मन जिथं सगळ्यांत जास्त गुंततं ती ही जागा. चित्रपटातले जवळपास सगळे संवाद त्यातून येतात, आणि घराघरांत तो टीव्हीच्या कपाटात, काचेच्या दारामागं, सेट-टॉप बॉक्सखाली दडपलेला असतो. घरातल्या ज्येष्ठांची तक्रार असते की ‘बोललेलं कळत नाही आणि गाणं लागलं की कान फुटतात.’ घरातले म्हणतात, त्यांना ऐकू कमी येतं. मी मधला स्पीकर कपाटाच्या कडेपर्यंत पुढं ओढतो. तो गुडघ्याच्या उंचीला असेल तर खाली लाकडाची पाचर घालून तोंड कानाकडं वर करतो. मग मोजतो की सोफ्यापासून तो किती फूट आहे, पुढचे दोन किती आहेत. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे एक फूट जातो. आकडे खरे भरले नाहीत तर प्रत्येक स्पीकरचा आवाज कानाशी वेगवेगळ्या वेळी येतो आणि शब्दांच्या कडा पुसट होतात. शेवटी चाचणीचा सूं-सूं आवाज लावून सगळे स्पीकर मीटरवर एकसारखे करतो, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, पंखा बंद ठेवून. त्यानंतरही शब्द कळत नसतील तरच मधला एक-दोन डेसिबल वर. ‘यांना ऐकू येत नाही’ असं ज्यांच्याबद्दल सांगितलं गेलं होतं, अशा कितीतरी आजी-आजोबांना एवढ्यानं प्रत्येक वाक्य कळलंय. म्हणून मधल्या स्पीकरच्या बाबतीत मी घाई करत नाही आणि कुणाला करूही देत नाही.

मागचे स्पीकर पुढच्यांच्याच जातीचे का हवेत, हे सांगण्यापेक्षा ‘ग्रॅव्हिटी’ दाखवणं सोपं. २०१३च्या या चित्रपटात माणसांचे आवाजसुद्धा समोर थांबत नाहीत; अंतराळवीर तरंगत जातो तसं त्याचं बोलणं पुढून बाजूला आणि बाजूनं मागं जातं. स्पीकर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर बोलणारा माणूसच वाटेत बदलल्यासारखा वाटतो.

आपल्या जुन्या चित्रपटांना यातलं काही लागू नाही, आणि त्यांच्याबाबत मी वेगळंच सांगतो. ‘पिंजरा’सारख्या चित्रपटाचा आवाज एकाच चॅनलचा. तो पाच स्पीकरवर पसरवणारे ‘हॉल’, ‘स्टेडियम’ असले प्रकार बंद करावेत. रिसीव्हर प्रो लॉजिकवर ठेवला की दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आवाज तो मधल्या स्पीकरकडं आणतो, आणि त्यातल्या श्रीराम लागूंचं बोलणं पडद्याच्या मधोमध, जिथून ते थिएटरात यायचं तिथूनच येतं. सहकारनगरला जो दिवा चुकीच्या जागी लागला होता तो इथं योग्य असतो. जुन्या डिस्कवर ‘५.१’ छापलेलं असलं तरी आधी दोन्ही आवाज ऐकून बघावेत. बऱ्याचदा त्या ५.१मध्ये मूळ आवाजच इकडून तिकडं फिरवलेला असतो आणि साधा आवाज जास्त स्वच्छ असतो.

काम झालं की मी सगळी सेटिंगं एका कार्डावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो. कुठली वायर कुठं, बिटस्ट्रीम, सेकंडरी ऑडिओ बंद, स्पीकरांची अंतरं. नवा टीव्ही येतो, प्लेअर रिसेट होतो, इंटरनेटवरून नवं सॉफ्टवेअर चढतं आणि सगळं कारखान्यातल्या जागी परत जातं. कार्ड असलं की घरातलं कुणीही ते लावू शकतं, मला बोलवावं लागत नाही.

हल्ली लोक विचारतात की डिस्कच्या एवढ्या मागं कशाला लागायचं, सगळं ऑनलाइन मिळतं. मिळतं, आणि चांगलंही मिळतं. नेटफ्लिक्सवर सराउंडचा आवाज जास्तीत जास्त ६४० किलोबिटनं येतो, ॲटमॉस ७६८नं. डिस्कवरचा न गाळलेला आवाज त्याच्या कितीतरी पट. पण माझं दुःख बिटांचं नाही. मराठी चित्रपट आता नियमितपणे सराउंडमध्ये मिश्रित होतात. किल्ल्याच्या भिंतीवर आदळणारा कोकणातला पाऊस असो की जत्रेतले ताशे, त्यामागं कुणीतरी रात्री जागवलेल्या असतात. ते मिश्रण थिएटरात काही आठवडे वाजतं. पुढं घरी जे येतं ते पुष्कळदा दोन चॅनलचं, दाबलेलं. मी ज्या घरांत जातो तिथं इंग्रजीच्या ब्लू-रे असतात, हिंदीच्या थोड्या असतात, मराठीची जवळपास दिसत नाही. सॅमसंगनं २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं, प्लेअर बनवणारे आणखी कमी होत चाललेत, हे मला दिसतंय. तरी ज्या निर्मात्यांकडं पूर्ण मिश्रण तयार आहे त्यांनी थोड्या प्रती तरी काढाव्यात, मूळ सराउंड जसाच्या तसा ठेवून. घेणारी घरं मला माहीत आहेत. त्यातल्या बऱ्याच घरांतले स्पीकर मीच लावलेत, आणि ते त्या डिस्कसाठी तयार आहेत.